फिट्स फाइल उघडत नाही? आधी तिचं वजन करा

जूनच्या मध्यावर नाशिकचं आकाश एकदा झाकलं की नवरात्रापर्यंत दुर्बिणीवरचं कापड काढायची वेळ क्वचितच येते. एमएस्सीच्या मुलांचे प्रोजेक्ट मात्र नेमके याच दिवसांत सुरू होतात. आकाश बंद, म्हणून मग आर्काइव्ह. हबल, टेस, वेब या अवकाश दुर्बिणींनी किंवा आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने आधीच घेऊन ठेवलेली निरीक्षणं उतरवायची आणि त्यावर काम करायचं. हा डेटा बहुतेक 'फिट्स' या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या फॉरमॅटच्या फाइलींत येतो. कल्पना उत्तम. मग रात्री साडेदहाला फोन येतो, "मामा, फाइल उघडत नाहीये."

पहिला फोन खरंच भाचीचा होता. नंतर तिच्या मैत्रिणींचे, मग त्यांच्या ज्युनिअरचे आले. आता कोणीही मामाच म्हणतं. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, सुट्टीच्या रात्री त्र्यंबकच्या बाजूला दुर्बीण घेऊन जातो, एवढंच. पण बंद मशीनपुढे उभं राहिल्यावर आधी फ्यूज बघायचा, कंट्रोलर शेवटी उघडायचा, ही सवय इथे कामाला आली. मुलं नेमकं उलटं करतात. फाइल उघडली नाही की पायथन काढून पुन्हा टाकतात, मग अख्खं विंडोज. फाइल आहे तशीच, दोन दिवस मात्र गेले.

तुमचं दुखणं यातलं कोणतं ते आधी बघा.

- फाइल उतरली, पण कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. 'ही फिट्स फाइल नाही', 'फाइल अर्धवट आहे' किंवा 'सिम्पल कार्ड सापडलं नाही' अशा अर्थाचा एरर येतो.
- तोच प्रोग्राम पुन्हा चालवला, नेट बदललं, तरी तोच एरर तसाच.
- डाउनलोड दर वेळी ठरावीक जागी तुटतं.
- फाइल उघडते, पण आत काहीच नाही किंवा सगळं काळं.
- शोधताना 'शून्य निरीक्षणं' येतात, आणि त्या तेजोमेघाचे फोटो तर जगभर फिरताहेत.
- निरीक्षण यादीत दिसतं, पण उतरवू देत नाही.
- सगळं उघडतं, आलेख निघतो, पण उत्तर चुकतं.

पहिल्या चारांसाठी सुरुवातीपासून वाचा. शोधच लागत नसेल तर खाली 'पत्ता' म्हटलंय तिथे जा.

वजन

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, 'साइझ' समोरचा बाइटमधला पूर्ण आकडा घ्या. शेजारी 'साइझ ऑन डिस्क' असतो, तो नको. डिस्क आपल्या सोयीने तो वर ढकलते.

या आकड्याला २८८० ने भागा. बाकी शून्य यायला हवी.

फिट्स फॉरमॅट मॅग्नेटिक टेपच्या जमान्यातला आहे. त्याची पहिली व्याख्या १९८१ साली छापली गेली. फाइल २८८० बाइटच्या ठोकळ्यांनी बनते आणि शेवटचा ठोकळा अपुरा राहिला तर भर घालून पूर्ण करतात. हेडरमधली प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, जुन्या पंचकार्डाएवढी, आणि अशा ३६ ओळी मिळून एक ठोकळा. २८८० हाच आकडा का, तर त्या काळातल्या वेगवेगळ्या संगणकांचे 'शब्द' वेगवेगळ्या लांबीचे होते आणि त्या सगळ्यांना यातून पूर्ण भाग जात होता. चाळीसहून जास्त वर्षं झाली, ठोकळा तोच आहे. त्यामुळे बाकी उरली तर फाइल तुटलीय असं समजा.

टेसच्या दोन मिनिटांच्या नोंदींची प्रकाशवक्र फाइल (ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदललं त्याची नोंद) साधारण २० लाख बाइटची असते. समजा आकडा २०,३९,०४० आहे. भागिले २८८०, बरोबर ७०८. फाइल धड आहे. आकडा १३,१०,७२० असेल तर ४५५ ठोकळे होऊन ३२० बाइट उरतात. वाटेत कुठेतरी डाउनलोड तुटलंय. पायथनला हात लावू नका, फाइल पुन्हा उतरवा.

एवढ्यावर भागतं असं नाही. वजन अंदाजात बसतंय का तेही बघावं लागतं, आणि त्यासाठी अंदाज हवा. हबलच्या एसीएस कॅमेऱ्याच्या मोठ्या चित्राची 'एफएलसी', म्हणजे सुधारणा केलेली, फाइल सुमारे १६८ एमबी भरते. हिशोब सोपा आहे: दोन चिप, प्रत्येकी ४०९६ गुणिले २०४८ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलमागे मोजमापाचे ४ बाइट, त्रुटीचे ४ आणि दर्जाच्या खुणेचे २. त्याच चित्राची 'रॉ', म्हणजे कच्ची, फाइल ३४ एमबीच्या आसपास. टेसच्या एका कॅमेरा-चिपचं पूर्ण चित्र ३५ एमबी. यातलं काही मागवलं आणि हातात १२ केबी आले, तर ते चित्र नाही. मग काय आहे?

पहिली ओळ

फाइल नोटपॅडमध्ये उघडा. हो, साध्या नोटपॅडमध्ये. खूप मोठी असेल तर थोडं थांबावं लागेल. काही बदलू नका आणि सेव्ह तर मुळीच करू नका.

खरी फिट्स फाइल 'सिम्पल' या इंग्रजी शब्दाने सुरू होते, पुढे बरोबरचं चिन्ह आणि बऱ्याच मोकळ्या जागेनंतर 'टी' हे अक्षर. पुढचं सगळं एकाच लांबलचक ओळीत दिसतं, कारण ८०-८० अक्षरांच्या या पट्ट्यांमध्ये एंटर नसतोच. ते बघून 'फाइल करप्ट आहे' म्हणणारे मला तिघे भेटले. ती अशीच दिसते.

सुरुवातीला 'पीके' ही दोन अक्षरं आणि मागे कचरा दिसला तर ती झिप आहे. नाव बदलून ती फिट्स होणार नाही, आधी उघडून घ्या. पहिल्यापासूनच कचरा असेल तर बहुधा जीझिप. इथे एक गंमत होते. काही ब्राउझर जीझिप फाइल उतरवतानाच परस्पर उलगडतात आणि नाव मात्र जुनंच ठेवतात. मग सॉफ्टवेअर तिला पुन्हा उलगडायला जातं आणि अडतं. अशा वेळी नोटपॅडमध्ये 'सिम्पल' दिसतं आणि नावाच्या शेवटी 'जीझेड' असतं. ते शेपूट काढलं की काम झालं. फाइल दाबलेलीच असेल तर २८८० चा भागाकार मात्र उलगडल्यानंतरच करायचा.

आणि पहिल्या ओळीत 'डॉकटाइप एचटीएमएल' दिसलं, तर तुम्ही डेटा उतरवलेलाच नाही. एक वेब पान उतरवून त्याला फिट्स नाव दिलंय.

गंगापूर रोडवर राहणारा एक मुलगा चार दिवस याच फेऱ्यात अडकला होता. कॉलेजच्या लॅबमध्ये बसून त्याने प्रोग्रामने साठ फाइल उतरवल्या. साठच्या साठ एकाच वजनाच्या, काही केबींच्या. "सर म्हणाले लायब्ररीचं व्हर्जन जुनं असेल." मी एक फाइल नोटपॅडमध्ये उघडायला लावली. खाली वाचत गेला तर आत त्याच्याच कॉलेजच्या वाय-फायचं लॉगिन पान, 'कृपया आपला रोल नंबर टाका'. वाय-फायचं सेशन संपलं होतं, त्याच्या प्रोग्राममधली लिंक जुनी, 'एचटीटीपी' नंतर 'एस' नसलेली. त्यामुळे राउटरने प्रत्येक मागणीला बिनदिक्कत स्वतःचं पान पुढे केलं आणि प्रोग्रामने ते निमूटपणे साठ वेळा साठवलं. लिंकमध्ये 'एस' असता तर निदान सर्टिफिकेटचा एरर तरी आला असता.

आर्काइव्हचं स्वतःचं लॉगिन संपलं असलं, टोकनची मुदत गेली असली किंवा त्यांचं सर्व्हर देखभालीसाठी बंद असलं तरी असंच एखादं पान हाती येतं. ते पान वाचा. बहुतेक वेळा कारण त्यातच लिहिलेलं असतं, फक्त आपण ते चित्र समजून उघडायला बघत असतो.

पुन्हा पुन्हा तोच एरर

हा सगळ्यात जास्त छळणारा प्रकार, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

टेस किंवा केप्लर या ग्रह शोधणाऱ्या दुर्बिणींचा डेटा घेणारी बरीच मुलं 'लाइटकर्व्ह' नावाचं पायथन पॅकेज वापरतात. ते शहाणं आहे. एकदा उतरवलेली फाइल जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी नेटवर न जाता तीच देतं. पण पहिल्या वेळी मध्येच लाइट गेली, किंवा बाहेर रस्ता खणताना कोणी फायबर उडवली, तर अर्धवट फाइल त्या साठ्यात पडून राहते. पुढच्या वेळी पॅकेज बघतं, फाइल आहे, आणि तीच पुढे करतं. तुम्ही राउटर बदला, मोबाइलचं हॉटस्पॉट लावा, मित्राच्या घरी जा. एरर तोच, कारण नेटचा आता संबंधच उरलेला नाही.

एरर नीट वाचला तर त्यात त्या फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. शेवटची ओळ वाचून आपण वर जात नाही, ही आपली सवय. तुमच्या होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारं लाइटकर्व्हच्या नावाचं फोल्डर असतं. लिनक्समध्ये ते लपलेलं असतं, त्यामुळे लपलेल्या फाइली दाखवायला सांगा. आत जाऊन फक्त ती एक फाइल उडवा. अख्खं फोल्डर उडवू नका, बाकीच्या चांगल्या फाइली पुन्हा उतरवत बसाल. मग प्रोग्राम चालवा.

भाचीचा पहिला फोन याच कारणाने आला होता. तोवर तिने विंडोज दोनदा टाकून झालं होतं, बॅकअप घेताना होम फोल्डर जसंच्या तसं परत आणलं होतं आणि त्यासोबत ती अर्धवट फाइलसुद्धा! "अगं, कचरा बांधून नवीन घरात नेलास," म्हटलं तर अजून चिडते.

ठरावीक जागी तुटणं

डाउनलोड किंवा कॉपी दर वेळी ४ जीबीच्या आसपास थांबते का? पेनड्राइव्ह बघा. तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. टेसवाल्यांना हा त्रास होत नाही, रेडिओवाल्यांना हमखास होतो. आतलं सामान दुसरीकडे हलवून एक्सफॅट किंवा एनटीएफएसने फॉरमॅट करा.

झिप उलगडताना काही फाइली निघतात, काही नाही, असं विंडोजवर झालं तर पत्त्याची लांबी मोजा. जुन्या सेटिंगमध्ये ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आत लागतो. आर्काइव्हची फोल्डरं एकात एक, त्यातल्या नावांत पंधरा-वीस अंक, आणि ती तुम्ही 'डेस्कटॉप, न्यू फोल्डर, एमएस्सी प्रोजेक्ट फायनल, फायनल दोन' यात उलगडताय. सी ड्राइव्हवर थेट एका अक्षराचं फोल्डर करा आणि तिथे उलगडा.

आणि फाइल उतरली असं सांगतंय पण सापडत नाही, तर 'मास्टडाउनलोड' या नावाने शोधा. ॲस्ट्रोक्वेरी (आर्काइव्हमधून डेटा आणणारं पायथन पॅकेज) ज्या फोल्डरात उभी असते तिथेच हे फोल्डर बनवते, आत मोहिमेचं नाव, त्याच्या आत निरीक्षणाचा क्रमांक.

उघडली, पण रिकामी

फिट्स फाइल म्हणजे जेवणाचा डबा समजा, पुड्यांवर पुडे. हबल आणि वेबच्या फाइलींत सगळ्यात वरच्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या पुड्यात चित्र नसतंच. तिथे फक्त माहिती असते: कोणती दुर्बीण, कोणता फिल्टर, कोणती तारीख. चित्र पुढच्या पुड्यात, 'एससीआय' नावाच्या. प्रोग्राममध्ये शून्य लिहिलं असेल तिथे एक लिहा. सगळे पुडे आणि त्यांची मापं दाखवणारी 'इन्फो' आज्ञा ॲस्ट्रोपाय या पायथन पॅकेजमध्ये आहे, ती आधी चालवावी.

चित्र आहे पण काळंकुट्ट दिसतंय? मग बहुतेक काही बिघडलेलं नाही. एखाददोन तारे इतके तेजस्वी असतात की सरळ प्रमाणात दाखवलं तर बाकी सगळं तळाला जातं. डीएस-नाइन या फिट्स चित्रं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये स्केल 'लॉग' करा, मर्यादा 'झेड-स्केल' करा. तेजोमेघ वर येईल.

कोणती फाइल घेतली हेही इथेच बघून घ्या. हबलमध्ये 'रॉ' म्हणजे कच्ची, 'एफएलटी' म्हणजे सुधारणा केलेली, 'एफएलसी'मध्ये चिपच्या म्हातारपणामुळे मागे राहणाऱ्या प्रभाराचीही दुरुस्ती, 'डीआरझेड' किंवा 'डीआरसी' म्हणजे अनेक चित्रं जुळवून केलेलं एक. वेबमध्ये कच्चीला 'अनकॅल' म्हणतात आणि जुळवलेलीला 'आय-टू-डी'. मास्ट, म्हणजे हबल-वेब-टेसचा डेटा ठेवणारं आर्काइव्ह, त्याच्या पोर्टलवर 'मिनिमम रेकमेंडेड प्रॉडक्ट्स' अशी एक खूण असते. ती लावली तर कच्च्या फाइली यादीतून गळतात. कच्च्याच हव्या असतील तर ती काढा, नको असतील तर राहू द्या, बराच डेटा उतरवायचा वाचेल. एका पोराने झलक म्हणून दिलेल्या जेपीजीवर ताऱ्याची तेजस्विता मोजून आणली होती. मेहनत मात्र मनापासून केली होती.

पत्ता

'शून्य निरीक्षणं' आली की आधी ताऱ्याचं नाव टाकून बघा, आकडे नंतर. नावाचा पत्ता शोधायचं काम पोर्टल स्वतःच करतं. नावाने सापडलं आणि आकड्यांनी नाही, तर चूक आकड्यांत आहे.

विषुवांश, म्हणजे आकाशातला पूर्व-पश्चिम पत्ता, तासांत लिहितात आणि अंशांतही. मृगातला तेजोमेघ ५ तास ३५ मिनिटांवर, म्हणजेच सुमारे ८३.८ अंशांवर आहे. एक तास म्हणजे १५ अंश. जिथे अंश हवेत तिथे ५.५९ टाकलं की तुम्ही मृग सोडून थेट मीन राशीच्या आसपास पोचता, आणि तिथे तो तेजोमेघ कसा सापडणार?

क्रांतीतली, म्हणजे उत्तर-दक्षिण पत्त्यातली, वजाबाकीची खूण दुसरी गोची. पीडीएफमधून कॉपी केली तर ती दिसते वजासारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळंच अक्षर असते. मग कधी एरर येतो, कधी खूणच गळते आणि दक्षिणेचा तारा उत्तरेला शोधला जातो. खूण हाताने टाइप करा.

जुन्या पेपरातले आकडे १९५० च्या संदर्भाचे असतात, आर्काइव्हला २००० चे लागतात. पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यामुळे संपातबिंदू, म्हणजे जिथून हे आकडे मोजतात तो बिंदू, वर्षाला सुमारे ५० विकला सरकतो (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). पन्नास वर्षांत चाळीसहून जास्त कला झाल्या, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा जास्त. ॲस्ट्रोक्वेरी मुळात ०.२ अंश, म्हणजे १२ कलांच्या वर्तुळात शोधते. सापडणार नाहीच.

तारखेने शोधत असाल तर तिथली वेळ जागतिक वेळ आहे. आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटेचे दोन म्हणजे तिकडे १४ तारखेचे रात्रीचे साडेआठ. एक दिवस मागचा-पुढचा धरूनच शोधा.

कुलूप

यादीत दिसतं पण उतरत नाही, तर 'रिलीज डेट' बघा. ज्या शास्त्रज्ञांच्या प्रस्तावावर दुर्बीण वळवली त्यांना काही काळ तो डेटा फक्त स्वतःसाठी मिळतो. हबलमध्ये आता सहसा ६ महिने, वेबमध्ये सहसा १२, जीएमआरटीत १८. टेसला असं कुलूप नाही. रिलीजची तारीख कधीकधी पाच आकडी संख्येत दिसते. तो सुधारित ज्युलियन दिनांक (तारखेऐवजी सलग दिवसांची मोजणी) असतो, त्यात २४,००,०००.५ मिळवले की नेहमीचा ज्युलियन दिनांक मिळतो.

इथे तपासण्यासारखं पुढे काही नाही. कोणाचं तरी लॉगिन मागून आणू नका. त्याच ताऱ्याची जुनी, खुली निरीक्षणं आहेत का बघा, बऱ्याचदा असतात.

उत्तर चुकतंय

आता अवघड प्रकार, कारण एरर येत नाही.

टेसच्या फाइलीत वेळ १३५४ अशी दिसते. एका विद्यार्थिनीने तो ज्युलियन दिनांक समजून बदलला, आणि तिच्या ताऱ्यासमोरून ग्रह इसवी सनपूर्व ४७१० साली गेला! टेस मूळ संख्येतून २४,५७,००० वजा करून लिहितं, केप्लर २४,५४,८३३ वजा करून. मिळवल्यावर तिची तारीख ऑगस्ट २०१८ निघाली, टेसच्या दुसऱ्या सेक्टरमधली, म्हणजे आकाशाच्या दुसऱ्या पट्ट्याच्या निरीक्षणातली. वजा केलेला आकडा हेडरमध्ये 'बीजेडीआरईएफआय' समोर लिहिलेला असतो.

प्रकाशवक्रात तेजस्वितेचे दोन स्तंभ असतात. 'सॅप' म्हणजे ताऱ्याच्या पिक्सेलमधल्या प्रकाशाची नुसती बेरीज, 'पीडीसीसॅप' म्हणजे यानाच्या हलण्या-तापण्याचे परिणाम काढून टाकलेली. ग्रहाची सावली शोधताय तर दुसरा घ्या. पण ताराच आठवडाभराच्या संथ लयीत बदलणारा असेल तर हीच सफाई त्याचा खरा बदलही पुसू शकते, म्हणून दोन्ही काढून शेजारी ठेवा. 'क्वालिटी' स्तंभात शून्य नसलेल्या नोंदी आधी बाजूला काढा, नाहीतर यानाच्या गचक्याला ग्रह समजाल.

आणि टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ विकलांचा असतो, केप्लरचा चार विकलांचा. टेसच्या एका पिक्सेलमध्ये शेजारचे दोन-तीन तारे सहज मावतात. बदल तुमच्या ताऱ्यातच आहे की शेजाऱ्यात, हे प्रकाशवक्र सांगत नाही. त्यासाठी 'टार्गेट पिक्सेल' फाइल उतरवून बघावी लागते.

गेल्या वर्षीच्या ज्येष्ठांचे आकडे आणि तुमचे जुळत नसतील, तर दोन्ही फाइलींचं हेडर उघडून फाइल बनल्याची तारीख बघा. हबल आणि वेबचा जुना डेटा आर्काइव्ह अधूनमधून नव्याने प्रक्रिया करून ठेवतं. नाव तेच, आतले आकडे थोडे वेगळे.

नारायणगावचा माल वेगळा

पुण्याला जाताना आळेफाटा सोडलं की नारायणगाव, आणि तिथून आत खोडद. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, १४ मध्यभागी, बाकीच्या वाय आकाराच्या तीन हातांवर. गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं हे काम आपल्या एवढं जवळ आहे की मुलांना वाटतं त्याचा डेटा सोपा असेल. तसं नाही.

तिथे चित्र मिळत नाही. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीने टिपलेल्या लहरींची तुलना, म्हणजे व्हिजिबिलिटी, साठवलेली असते. डीएस-नाइनमध्ये ती उघडत नाही ही तक्रारच चुकीची आहे. कच्ची फाइल 'एलटीए' या त्यांच्या फॉरमॅटमध्ये येते. 'लिस्टस्कॅन' आणि 'जीव्हीफिट्स' या दोन साधनांनी ती फिट्स होते, पुढे 'कासा'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र बनवायचं. सोबत ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ यांपैकी एखाद्या प्रमाण स्रोताची निरीक्षणं आहेत ना, हे आधी बघा. त्याशिवाय तुमच्या स्रोताची तेजस्विता ठरवायला मापच नाही. आणि काही चॅनेल मोबाइल टॉवर वगैरेंच्या गोंगाटाने वाया गेलेले असतील. तो बिघाड नाही, ते काढून टाकणं हा कामाचाच भाग आहे.

कुठे थांबायचं

लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर प्रयोग थांबवा, महत्त्वाचं सामान दुसरीकडे हलवा आणि मशीन दुरुस्तीवाल्याकडे न्या. प्रत्येक नव्या डाउनलोडने डिस्क आणखी खराब होते.

मोबाइलच्या नेटवर उतरतं, कॉलेजच्या नेटवर नाही, तर अडवणूक कॉलेजच्या फायरवॉलची आहे. नेटवर्क बघणाऱ्या माणसाला आर्काइव्हचा पत्ता लिहून द्या, तो दहा मिनिटांत मोकळा करतो. चोरवाटा काढू नका. कॉलेजने अकाउंट बंद केलं तर प्रोजेक्ट आणखी लांबतो.

सुधारणा केलेल्या डेटातच पट्टे दिसताहेत, कॅलिब्रेशन बसत नाहीये, तिथे माझ्यासारख्याचंही काम संपलं. गाइडना विचारा, त्यांच्यामार्फत पुण्याला आयुका किंवा एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांमधल्या त्या विषयाच्या माणसाला. अंदाजाने आकडे फिरवू नका.

आणि दोन वेगळ्या नेटवर, दोन वेगळ्या मशीनवर उतरवूनही फाइलीतला 'चेकसम' (फाइल धड आहे का ते पडताळणारा आकडा) जुळत नसेल, तर दोष त्यांच्याकडे असू शकतो. आर्काइव्हच्या हेल्पडेस्कला लिहा. 'फाइल चालत नाही' एवढंच लिहिलंत तर उलट चार प्रश्न येतील. निरीक्षणाचा क्रमांक, फाइलचं पूर्ण नाव, बाइटमधलं वजन, उतरवल्याची जागतिक वेळ आणि एररचा पूर्ण मजकूर, फोटो नव्हे, कॉपी करून द्या. हबल-वेब-टेसचं मास्ट अमेरिकेत बाल्टिमोरला आहे. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. दुपारी मेल पाठवून तासाभरात मला फोन करू नका, ते लोक अजून झोपलेले असतात.